नाव मोठे की माप खरे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी वक्ता नाही. माझे आयुष्य सोल्डरिंगच्या धुरात, उघड्या रेडिओसमोर आणि पुढे मापन-उपकरणांच्या दुरुस्तीत गेले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. परंतु आपल्या संस्थेने इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा उभारण्याचे ठरविले, त्यासाठी निधी जमला, आणि खरेदी-समितीच्या बैठकीत मला एक प्रश्न विचारण्यात आला. तोच प्रश्न त्यानंतर कितीतरी पालकांनी मला रस्त्यात थांबवून विचारला आहे: "चाचा, सिग्नल जनरेटर कोणत्या कंपनीचा चांगला? आणि ऑसिलोस्कोप कोणत्या कंपनीचा घ्यावा?"

एका नावात उत्तर देऊन मोकळे होता आले असते. मी तसे केले नाही. हा निधी कोणी महिन्याच्या पगारातून दिला आहे, कोणी आखातात उन्हातान्हात राबून पाठविला आहे, तर एका माउलीने शिलाईच्या पैशातून बाजूला काढून दिला आहे. असा पैसा नुसत्या नावावर खर्च झाला आणि मुलांच्या हाती खोटे माप आले, तर त्याचा जाब आपल्या सर्वांनाच द्यावा लागेल. म्हणून कंपनीचे नाव सांगण्यापूर्वी माप कसे ओळखावे, हे सांगणे मला अधिक जरुरीचे वाटते.

ज्या पालकांचा या विषयाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. वाण्याकडे तराजू आणि वजने असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडेही तशीच दोन प्रकारची साधने असतात. सिग्नल जनरेटर हे त्याचे वजन होय. ठरावीक वारंवारतेचा आणि ठरावीक जोराचा विद्युत् संकेत हे यंत्र तयार करून देते. तो संकेत रेडिओत, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा विद्यार्थ्याने जोडलेल्या मंडलात सोडायचा. मग आत गेलेले बाहेर कसे आले, हे ऑसिलोस्कोप आणि मल्टिमीटर यांवर पाहायचे. हा झाला तराजू. वजनच खोटे असेल तर तराजू कितीही भारी असून उपयोग नाही. मराठीत आपण 'मापात पाप' म्हणतो. वाण्याने केलेले पाप निदान गिऱ्हाइकाला कळू तरी शकते. उपकरणातले पाप मात्र वापरणाऱ्या कारागिरालाही कळत नाही, आणि तो प्रामाणिकपणे चुकीचे काम करीत राहतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९८१ साली मी मुंबईत भेंडीबाजारच्या मागे एका उस्तादांच्या दुकानात उमेदवारी करीत होतो. एका व्यापाऱ्याने ४० ट्रान्झिस्टर संच जुळवून देण्याचे काम आम्हाला दिले होते. उस्ताद गावी गेले असताना मी चोरबाजारातून एक जुना सिग्नल जनरेटर घेतला. परदेशी, मोठ्या नावाचा, वजनाने धोंड्यासारखा, पुढची पट्टी चकाकणारी. दुकानातला आमचा साधा जनरेटर त्यापुढे अगदी गरीब दिसू लागला. मी साऱ्या ४० संचांची जुळवणी त्या नव्या यंत्रावर केली. रेडिओची मधली वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ ठेवायची असते. यंत्राच्या तबकडीवर काटा ४५५ वर ठेवून मी प्रत्येक संच मोठ्या अभिमानाने लावला.

आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस संच परत आले. केंद्र लागे ते काट्याच्या भलत्याच जागी. पट्ट्याच्या एका टोकाला आवाज क्षीण, दुसऱ्या टोकाला शिट्टी. व्यापारी दुकानात येऊन चार लोकांसमक्ष वाटेल ते बोलून गेला. उस्ताद परतले होते. ते मला रागावले नाहीत. त्यांनी एक रेडिओ आकाशवाणीच्या मुंबई 'ब' केंद्रावर, म्हणजे ५५८ किलोहर्ट्झवर लावला, माझा नवा जनरेटर शेजारी ठेवला आणि त्याची तबकडी हळूहळू फिरविली. रेडिओतून शिट्टी ऐकू येऊ लागली. ती जाड होत होत घरघरीवर आली आणि बंद झाली. दोन वारंवारता जवळ आल्या की त्यांच्यातील फरकाइतका स्वर ऐकू येतो आणि दोन्ही एक झाल्या की स्वर नाहीसा होतो, हे त्यामागचे शास्त्र. शिट्टी बंद झाली त्या क्षणी जनरेटर नेमका ५५८ वर होता. तबकडीवरचा काटा मात्र ५७५ दाखवीत होता!

याचा अर्थ, तबकडीवर ४५५ दिसत असताना यंत्र प्रत्यक्षात ४४२ च्या आसपास देत होते. चाळीस संचांना मी एकच खोटे शिकविले होते. उस्ताद एवढेच म्हणाले, "तू नाव वाचलेस, माप वाचले नाहीस." नंतर आम्ही दोघांनी रात्रीचा दिवस करून सारे संच पुन्हा लावले. त्या कामाची मजुरी उस्तादांनी व्यापाऱ्याकडून घेतली नाही. यात यंत्र बनविणाऱ्या कंपनीचा दोष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. यंत्र जुने झाले होते, आतील भाग बदलले गेले होते, आणि कित्येक वर्षांत कोणी ते ताडून पाहिले नव्हते. दोष नावावर विसंबणाऱ्या माझा होता.

आता विचार करा. खरे माप तेव्हा आकाशातून फुकट मिळत होते. मध्यम लहरीवरच्या प्रक्षेपण केंद्राने आपली वारंवारता १० हर्ट्झच्या आत सांभाळावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. खिशातला साधा रेडिओ माझ्या भारी यंत्रापेक्षा खरा साक्षीदार होता. मी त्याची साक्ष काढली नाही, इतकेच.

तर मग मोठ्या कंपन्यांच्या नावाला काही अर्थच नाही का? तसे मुळीच नाही. ती नावे फुकट मोठी झालेली नाहीत. अमेरिकेत विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुण मित्रांनी १९३९ साली पालो आल्टो येथे एका गॅरेजमधून धंदा सुरू केला. त्यांचे पहिले उपकरण म्हणजे '२०० ए' हा ध्वनि-वारंवारतेचा ऑसिलेटर. तो ह्यूलेट यांच्या विद्यापीठातील अभ्यासातून जन्मला होता. अशा यंत्रात लहरीचा जोर कमी-जास्त होऊ न देणे ही मोठी अडचण असे. ह्यूलेट यांनी मंडलात एक छोटासा विजेचा दिवा बसविला. जोर वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि जोर आपोआप आवरला जातो. केवढी साधी युक्ती! या यंत्राची किंमत त्यांनी ५४ डॉलर ४० सेंट ठेवली, त्या वेळी इतरांची तशी यंत्रे २०० डॉलरांहून अधिक किमतीची होती. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने 'फँटेशिया' या १९४० च्या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी त्याचीच सुधारित आठ यंत्रे घेतली. आपली कंपनी अगदी नवखी वाटू नये म्हणून या दोघांनी पहिल्याच यंत्राला '२००' हा आकडा दिला होता, ही त्यातली गंमत. म्हणजे ज्या नावाला पुढे जग मान देऊ लागले, ते नाव एके काळी स्वतःच नवखे आणि स्वस्त होते. ते मोठे झाले ते मापाच्या खरेपणामुळे.

नावे बदलतातही. ह्यूलेट-पॅकार्डचा मापन-उपकरणांचा विभाग १९९९ साली अ‍ॅजिलेंट झाला आणि २०१४ साली तो कीसाइट या नावाने वेगळा झाला. इंग्लंडच्या मार्कोनी इन्स्ट्रुमेंट्सचे सिग्नल जनरेटर एका काळी रेडिओ-प्रयोगशाळांचे भूषण होते. ते नाव आज नव्या यंत्रावर दिसत नाही. टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि तिने ऑसिलोस्कोपला नवे वळण दिले. म्युनिचची रोडे अँड श्वार्ट्झ १९३३ पासून आहे. या मंडळींच्या यंत्राला जास्त पैसे का पडतात, ते समजून घ्या. चांगल्या रेडिओ-संचाची परीक्षा करताना एक मायक्रोव्होल्टचा दहावा हिस्सा, म्हणजे व्होल्टचा एक कोट्यंश भाग, इतका क्षीण संकेत द्यावा लागतो. तो देताना यंत्राच्या पेटीच्या फटीतून त्याहून मोठा संकेत बाहेर झिरपत असेल, तर सगळे मोजमाप फुकट. ही गळती बंद करण्यासाठी पेटीत पेटी, जाड धातू, अचूक अ‍ॅटेन्युएटर अशी किती तरी मेहनत असते. ती मेहनत तबकडीवर दिसत नाही, पण किमतीत दिसते.

आपल्या देशातही ही उपकरणे बनत आली आहेत. ठाण्याची अ‍ॅपलॅब १९६२ सालची. इंदूरची सायंटिफिक, अहमदाबादची सिस्ट्रॉनिक्स, हैदराबादची सरकारी ईसीआयएल ही नावे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वावरलेल्यांना ओळखीची वाटतील. मल्टिमीटरसाठी नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ यांचे नाव घ्यावे लागेल. यांतील काही यंत्रे परदेशी यंत्रांइतकी देखणी नसतील, परंतु बटण तुटले किंवा ट्रान्सफॉर्मर जळला तर दुरुस्ती आपल्या आवाक्यात असते. शाळेच्या प्रयोगशाळेत रोज साठ हात यंत्राला लागतात. तेथे हा गुण लहान समजू नका. त्याखेरीज जपानची लीडर आणि किकुसुई, तैवानची गुडविल, आणि अलीकडच्या काळात चीनच्या रिगोल व सिग्लंट या कंपन्यांनी मध्यम किमतीत भरीव काम करून दाखविले आहे. चिनी म्हणून सरसकट नाक मुरडण्याचे दिवस गेले. पण त्याच बाजारात बिननावाची, किंवा दर सहा महिन्यांनी नाव बदलणारी यंत्रेही आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण त्यांच्याचसाठी केली असावी.

मग ओळखायचे कसे? येथे मला तुम्हा विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष हवे आहे.

माझ्या तरुणपणी स्वस्त आणि महाग जनरेटरमधला मोठा फरक वारंवारतेत असे. गुंडाळी आणि कंडेन्सर यांवर चालणारे यंत्र तापले की वारंवारता सरके. आज तसे नाही. आजचे बहुतेक जनरेटर क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर आकड्यांतून लहर घडवितात. ही पद्धत इतकी स्वस्त झाली आहे की साध्या यंत्राचीही वारंवारता दहा लाखांत काही दहा भागांपलीकडे सहसा चुकत नाही. मोठाले आकडे पडद्यावर अगदी बरोबर दिसतात आणि घेणारा भुलतो. फरक आता दुसरीकडे जाऊन लपला आहे. तो शोधण्यासाठी चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: डब्यावरचा आकडा कोणत्या लहरीसाठी? डब्यावर '६० मेगाहर्ट्झ' लिहिलेले असते. ती मर्यादा बहुधा केवळ ज्या-लहरीची असते. चौकोनी आणि त्रिकोणी लहरींची मर्यादा कितीतरी खाली असते, आणि पूर्ण जोर तर आणखी खालच्या वारंवारतेपर्यंतच मिळतो. हे लपवून ठेवणे वाईट. असणे वाईट नव्हे. ह्यूलेट-पॅकार्डचा '३३१२० ए' हा गाजलेला जनरेटर घ्या. त्याच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेले असे की ज्या आणि चौकोनी लहर १५ मेगाहर्ट्झपर्यंत, पण त्रिकोणी लहर फक्त १०० किलोहर्ट्झपर्यंत. वारंवारतेची अचूकता ९० दिवसांत दहा लाखांत १० भाग, वर्षभरात २० भाग, आणि तीही १८ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात. पाहा, किती अटी घातल्या आहेत! अटी घालणारा दुकानदार आपल्याला कंजूष वाटतो. उपकरणाच्या बाबतीत मात्र अटी लिहिणारा खरा आणि बिनशर्त बढाई मारणारा खोटा, असे खुशाल समजा.

दुसरा प्रश्न: लहर शुद्ध किती? तुम्ही एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरची विकृती मोजीत आहात आणि ती शेकडा ०.१ इतकी अपेक्षित आहे. जनरेटरचीच विकृती शेकडा १ असेल तर तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर मोजीत नसून जनरेटर मोजीत आहात. मोजणारे साधन मोजल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा निदान चौपट चांगले असावे, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

तिसरा प्रश्न: बाहेर किती व्होल्ट आणि कशावर? येथे एक प्रसंग सांगतो. एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. वडील तावातावात होते. दुकानदाराने फसविले, यंत्रावर १ व्होल्ट लावला की ऑसिलोस्कोपवर २ व्होल्ट दिसतात, आता भांडायला जायचे, तुम्ही साक्षीला चला, म्हणून. मी पन्नास ओहमचा एक रोध जोडला आणि पडद्यावर बरोबर १ व्होल्ट दिसू लागला. बहुतेक जनरेटरचा आतला रोध ५० ओहम असतो आणि त्यावरचा आकडा समोरही ५० ओहमच आहेत असे धरून दिलेला असतो. समोर ऑसिलोस्कोपसारखा मोठा रोध असला की व्होल्टेज दुप्पट दिसते. यंत्र खरे होते, दुकानदारही खरा होता. अपुरे होते ते आपले ज्ञान. पालकहो, मुलाला यंत्र घेऊन देताना त्याची पुस्तिका वाचण्याची सवयही द्या. ज्या यंत्राला धड पुस्तिकाच नाही, ते घेऊ नका.

ऑसिलोस्कोपलाही हाच न्याय. '२० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप' म्हणजे २० मेगाहर्ट्झपर्यंत सारे खरे दाखविणारा, असा अर्थ नाही. त्या टोकाला तो लहरीची उंची सुमारे ३० टक्क्यांनी कमी दाखविणार, हे त्या आकड्यातच गृहीत धरलेले असते. म्हणून जी वारंवारता पाहायची, तिच्या निदान तीन-चारपट क्षमतेचे यंत्र घ्यावे.

चौथा प्रश्न: जीव सुरक्षित आहे का? हा मी शेवटी घेतला, पण तो सर्वांत वरचा आहे. काही स्वस्त जनरेटरना दोन पिनांची वायर असते, अर्थिंग नसते. बाहेरच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात. माणूस बहुधा बचावतो, पण प्रयोगातील नाजूक ट्रान्झिस्टर त्या गळतीने मरतो आणि विद्यार्थी आपलीच जोडणी चुकली म्हणून रडत बसतो. मल्टिमीटरच्या बाबतीत तर अधिक सावध राहा. मुलगा मीटरची वायर विद्युत् प्रवाहाच्या भोकात विसरतो आणि तशीच घरच्या विजेच्या प्लगात घालतो. चांगल्या मीटरमध्ये अशा वेळी उच्च क्षमतेचा फ्यूज तुटतो आणि गोष्ट तेथेच संपते. स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच्या जागी कधी काचेची नळी असते, कधी तीही नसते, आणि मीटर हातात फुटतो. मीटरवर 'कॅट ३, ६०० व्होल्ट' असे छापणे सोपे असते; आत तसा फ्यूज आहे की नाही, हे मागचे झाकण काढून पाहा. येथे वाचविलेल्या पैशाची किंमत मुलाच्या डोळ्यांनी मोजावी लागेल.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मुलगे दुबईला, कुवेतला, मस्कतला आहेत. सुटीवर येताना त्यांच्याकडून यंत्र मागविण्याचा मोह होतो. जरूर मागवा, पण तिघांची खात्री करून घ्या. येथे दुरुस्ती होते का, तेथील हमी येथे चालते का, आणि यंत्र २३० व्होल्टवर चालते का. काही यंत्रांच्या पाठीला ११५ आणि २३० व्होल्टचा बदल-स्विच असतो. तो न पाहता प्लग लावला, तर एका क्षणात भावाच्या महिन्यांच्या कमाईचा धूर होतो.

आता कॅलिब्रेशन. कॅलिब्रेशन म्हणजे आपले उपकरण त्याहून श्रेष्ठ अशा प्रमाण उपकरणाशी ताडून पाहणे आणि फरक कागदावर नोंदविणे. त्या प्रमाणाला त्याहून श्रेष्ठ प्रमाण, असे करीत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचते. देशाची मापे तेथे सांभाळली जातात. त्यासाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही. मुंबईत चुनाभट्टीला 'आयडेमी' ही सरकारी संस्था आहे, अंधेरीला केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा आहे, आणि 'एनएबीएल'ची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. प्रमाणपत्र पाहताना फक्त शिक्का पाहू नका. त्यात मोजलेले आकडे आणि अनिश्चितता लिहिलेली आहे का, ते पाहा. 'यंत्र उत्तम आहे' एवढेच लिहिलेला कागद म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तो शिफारसपत्रासारखा झाला.

येथे समितीपुढे मांडलेली माझी सूचना आपल्यासमोरही ठेवतो. काही सन्मान्य देणगीदारांची इच्छा होती की सर्वांत मोठ्या नावाचे एक भारी यंत्र घ्यावे, त्यावर देणगीची पट्टी लावावी, येणाऱ्या पाहुण्यांना दाखवावे. त्यांचा हेतू चांगला आहे, मी त्यांचा आदर करतो. परंतु असे यंत्र काचेच्या कपाटात जाते. कपाटाची किल्ली मुख्य शिक्षकांकडे असते. मुले ते लांबून पाहतात. पाहून कोणी कारागीर झालेला नाही.

माझे म्हणणे असे आहे. साधे, परंतु माहितीपत्रक आणि दुरुस्तीची सोय असलेले जनरेटर दहा घ्यावेत. शालेय आणि पदविकेच्या प्रयोगांना १० मेगाहर्ट्झपर्यंतचा जनरेटर आणि ५० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप पुरून उरतो. मल्टिमीटर मात्र प्रत्येक टेबलाला एक आणि सुरक्षित फ्यूजचाच घ्यावा. त्यांच्या जोडीला एकच चांगल्या प्रतीचा जनरेटर आणि एकच चांगल्या प्रतीचा मीटर 'प्रमाण' म्हणून घ्यावा. तो दरवर्षी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताडून आणावा. आणि दर सत्राच्या आरंभी विद्यार्थ्यांनी, विद्यार्थिनींनी स्वतः आपापली दहा यंत्रे त्या प्रमाणाशी ताडून पाहावीत. अर्धा तास यंत्र तापू द्यावे, वाचन घ्यावे, फरक वहीत लिहावा आणि यंत्राला चिठ्ठी लावावी. जे यंत्र फरक दाखवील ते फेकायचे नाही; त्याचा फरक माहीत झाला की तेही खरे माप देऊ लागते. देणगीदारांची पट्टी मी त्या वहीवर लावीन. कारण त्या वहीतून जी मुले-मुली तयार होतील, त्यांना कोणत्याही कारखान्यात, कोणत्याही देशात, यंत्रावरचे नाव पाहून दबून जाण्याचे कारण राहणार नाही.

आज त्यासाठी आकाशवाणीची शिट्टीही लागत नाही. स्थाननिश्चितीच्या उपग्रहांवर अणुघड्याळे असतात आणि त्यांच्या संकेतावर स्वतःला दुरुस्त करणारे १० मेगाहर्ट्झचे साधन शाळेलाही परवडू शकते. २०२३ साली आपल्या इस्रोने सोडलेल्या 'एनव्हीएस-०१' उपग्रहावर तर आपल्याच देशात बनविलेले रुबिडियम अणुघड्याळ आहे. खरे माप पूर्वीही आकाशातून येत होते, आजही येते. ते घेणारा हात आणि ताडून पाहण्याची बुद्धी हवी.

विद्यार्थी मित्रांनो, समोरची यंत्रे बदलतील, कंपन्यांची नावे बदलतील. तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा माझ्या काळातली कितीतरी नावे तुम्हाला ठाऊकही नसतील. पण पडद्यावर आकडा दिसला की मनात एक प्रश्न उठू द्या: "हे मला कशावरून खरे मानायचे?" तो प्रश्न ज्याच्या मनात उठतो, तो साध्या यंत्रावरही खरे काम करतो. ज्याच्या मनात उठत नाही, तो लाखाच्या यंत्रावर बसून चाळीस रेडिओ बिघडवितो. मी बिघडविले होते. माझ्या उस्तादांनी मजुरी सोडून ते दुरुस्त करवून घेतले, आणि त्या रात्रींचे कर्ज मी आज आपल्यासमोर थोडेसे फेडतो आहे.

पालकांनो, आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. कंपनी कोणती चांगली? जी आपल्या यंत्राच्या मर्यादा लिहून देते, पुस्तिका देते, सुटे भाग देते आणि ज्या यंत्राला दरवर्षी ताडून पाहण्याची आपली तयारी आहे, ती कंपनी चांगली. हे उत्तर लांबलचक आहे, याची मला कल्पना आहे. पण दुकानात जाताना ते कागदावर लिहून न्या. दुकानदार वैतागला, तरी चालेल.